अपूर्णांकांचा गुणाकार मुलाला कसा समजवावा? गुणूनही उत्तर लहान का येतं?

तुम्ही चोपड्याहून विचारलंय की सहावीतला मुलगा २/३ × ३/४ करताना आधी छेद सारखे करतो, आणि गुणूनही उत्तर लहान आलं की गोंधळतो. मी दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करेन, कारण ती सुटली की पहिली अर्धी सुटते.

तो × ही खूण फक्त 'पट' अशी वाचतोय. ३ × ४ ला ते चालतं. इथे त्याला मोठ्याने 'पाऊणचे दोन तृतीयांश' असं वाचायला लावा. पाऊण एकराच्या तुकड्यात दोन तृतीयांश जागेवर केळी लावली, तर केळीखालची जमीन पाऊण एकरापेक्षा जास्त कशी होईल? एकर म्हणजे ४० गुंठे, पाऊण एकर ३०. त्याचे तीन भाग दहा-दहाचे, त्यातले दोन म्हणजे २० गुंठे, अर्धा एकर. सूत्र अजून सांगितलंच नाही आणि उत्तर आलंय.

मग चौकटीची वही घ्या. ४ चौकटी रुंद, ३ चौकटी उंच असा आयत काढा; हा अख्खा एकर. चारपैकी तीन उभ्या पट्ट्यांत तिरप्या रेघा मारा, मग तीनपैकी दोन आडव्या ओळींत उलट्या बाजूच्या. दोन्ही रेघा पडलेल्या चौकटी ६, एकूण १२. हे १२ आले ३ × ४ मधून, म्हणजे छेदांच्या गुणाकारातून. ६ आले अंशांच्या २ × ३ मधून. ६/१२ म्हणजे १/२. (कागदाला घड्या घालून दाखवायच्या भानगडीत पडू नका. तीन सारख्या घड्या पहिल्या फटक्यात बसत नाहीत.)

छेद समान करायचे ते बेरजेत, कारण तिथे सारख्या मापाचे तुकडे मोजायचे असतात. इथे तुकड्याचाच तुकडा करतोय. तरी कुणी केलेच तर ८/१२ × ९/१२ = ७२/१४४, म्हणजे तेच १/२; फुकटची मेहनत, चूक नाही. चूक पुढे होते: बेरजेच्या सवयीने पोरं छेद १२ तसाच ठेवतात आणि ७२/१२ = ६ लिहितात. अर्ध्या एकराचे सहा एकर!

पूर्णांकाने गुणताना ६ × २/३ चं १२/१८ करणारेही भरपूर. ६ ला ६/१ लिहायची सवय लावा; १२/३ = ४. १२/१८ म्हणजे परत २/३च, सहा पट करूनही जागचं हललं नाही, हे त्यालाच शोधू द्या.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते पूर्णांकयुक्त अपूर्णांकात. एकरी दीड ट्रॉली शेणखत, तर अडीच एकराला किती? मुलगा २ × १ = २ आणि १/२ × १/२ = १/४ करून सव्वादोन सांगतो. पण दोन एकरालाच तीन ट्रॉल्या लागतात ना? त्याने दोन तुकडे सोडले: २ × १/२ = १ आणि १/२ × १ = १/२. चारही मिळवा, पावणेचार. म्हणून आधी अंशाधिक (अंश छेदापेक्षा मोठा असलेला अपूर्णांक) करायचं: ५/२ × ३/२ = १५/४ = ३ ३/४. घरात दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, पाठ असलेले आजोबा असतील तर पडताळा त्यांच्याकडून घ्या: बे दीड तीन, तीन दीड साडेचार, अडीचचं उत्तर बरोबर मध्ये पडतं.

काटछाट शेवटी शिकवा, वरचं पक्कं झाल्यावरच. ८/१५ × ५/१२ मध्ये ८ आणि १२ ला ४ ने, ५ आणि १५ ला ५ ने भागा; उरतं २/३ × १/३ = २/९. एक अंश आणि एक छेद, अशीच जोडी चालते. २/३ × ४/५ मध्ये वरचे २ आणि ४ छाटले तर ८/१५ च्या जागी २/१५ येतं. आणि ५ ला ५ ने भागल्यावर तिथे १ उरतो, तो लिहायलाच लावा. नुसती काट मारून सोडलं की काही मुलं तिथे शून्य धरतात आणि अख्खं उत्तर शून्य करून टाकतात.