लेफ्ट जॉइन करूनही मेंटेनन्स न भरलेले फ्लॅट गायब होतायत, कंडिशन ऑनमध्ये टाकू की व्हेअरमध्ये?

तुम्ही लिहिलंय की 48 फ्लॅट आहेत, एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) फ्लॅटच्या टेबलला पावतीचं टेबल लेफ्ट जॉइन केलंय (म्हणजे डावीकडची, फ्लॅटची, प्रत्येक ओळ ठेवायची आणि जुळेल तिथे पावती जोडायची), व्हेअरमध्ये, म्हणजे जोडल्यानंतरच्या गाळणीत, मार्च 2024 टाकलंय आणि 37च ओळी येतायत. डेटाबेसचा बग नाही हो, कंडिशन चुकीच्या जागी पडलीय.

लेफ्ट जॉइनला तुम्ही ऑनमध्ये, म्हणजे जुळवणीच्या अटीत, एवढंच सांगितलंत की फ्लॅट नंबर जुळव. त्याने जुळवले, म्हणजे ज्याने जानेवारी-फेब्रुवारीत भरलं त्याच्यापुढे त्या जुन्या पावत्या लागल्या आणि ज्याने कधीच काही भरलं नाही त्याच्यापुढे नल, म्हणजे रिकामी जागा. मग व्हेअर आलं. फेब्रुवारी म्हणजे मार्च नाही, ती ओळ गेली. नलची मार्चशी तुलना केली की उत्तर खरंही नाही, खोटंही नाही, अननोन येतं, आणि व्हेअर फक्त खरं ठरलेलंच ठेवतं, म्हणून तीही गेली. पोस्टग्रेस या डेटाबेसवर असाल तर एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार तो प्लॅन दाखवणारी कमांड) लावून बघा, प्लॅनमध्ये लेफ्ट हा शब्दच दिसणार नाही, तुमच्या व्हेअरमुळे त्याने गुपचूप साधा इनर जॉइन (फक्त दोन्हीकडे जुळलेल्या ओळी ठेवणारा) करून टाकलेला असतो.

आता कोणीतरी सांगेलच की व्हेअरमध्ये 'ऑर इज नल' (किंवा पावतीची जागा रिकामी असेल तरी) जोड, काम होतं. नाही होत! त्याने फक्त कधीच न भरलेले परत येतात, समजा ते 2 असतील तर 39 ओळी, बाकी 9 जणांच्या जुन्या पावत्या आहेत ना, त्यांच्याकडे नल आहेच कुठे? मी स्वतः यात अर्धा दिवस घालवलाय.

महिना आणि वर्ष दोन्ही ऑनमध्ये न्या, फ्लॅट नंबरच्या पुढे अँड लावून. (वर्ष विसरू नका, नाहीतर मागच्या मार्चची पावती यंदाची म्हणून लागेल.) 48 च्या 48 येतील. फक्त थकबाकीदार हवे असतील तर व्हेअरमध्ये पावतीचा आयडी इज नल टाका, ही कंडिशन मात्र व्हेअरमध्येच, कारण जुळलं की नाही हे जॉइन झाल्यावरच कळतं.

डावीकडच्या टेबलचं नेमकं उलटं. मला फक्त बी विंग हवी होती, ऑनच्या नादात तेही ऑनमध्ये टाकलं. लेफ्ट जॉइन डावीकडची ओळ कधीच टाकत नाही, त्यामुळे ए विंगची अख्खी यादी पावतीविना आली, मी प्रिंट काढून बोर्डावर लावली, आणि सेक्रेटरी ए विंगमध्ये राहतात. पुढचं विचारू नका. विंगची कंडिशन व्हेअरमध्ये.

इनर जॉइन असेल तर कुठेही टाका, उत्तर तेच. मी तरी जुळवणी ऑनमध्ये आणि गाळणी व्हेअरमध्ये ठेवतो, वाचायला बरं पडतं, पण उद्या कोणी इनरचं लेफ्ट केलं तर हाच घोळ परत, तेवढं लक्षात असू द्या.

आणि हो, प्रत्येक फ्लॅटच्या पावत्या मोजायच्या असतील तर काउंट स्टार (सरसकट ओळी मोजणारं) नको, न भरलेल्यालाही 1 दाखवेल कारण ओळ तर आहेच, पावतीचा आयडी काउंट करा म्हणजे 0 येईल.