सासूबाईंचं ताट वेगळं करायचं का?

"जिवाणू अंगातून बारीक कण सोडतात आणि त्यांच्यामुळे कॅन्सर होतो म्हणे. मग घरातल्या पेशंटची भांडी, टॉवेल वेगळे ठेवायला नकोत का?" कॅन्सर रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो. पूर्वी लोक नुसतं "हा रोग लागतो का हो?" असं विचारायचे. आता त्या भीतीला मोबाइलवरच्या व्हिडिओंची जोड मिळाली आहे. एका घराची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मावशी साठीच्या पुढच्या. जठराचा कॅन्सर, शस्त्रक्रिया झालेली, केमो चालू. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खा असं सांगूनही वजन उतरतच होतं, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. मळमळ, तोंडाची चव, झोप, सगळं विचारून झालं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "माझ्या ताटाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. घासायचं पण वेगळं, मोरीत. भूक लागते हो, पण ते ताट पुढ्यात आलं की घास उतरत नाही."

सूनबाई बाहेर बसल्या होत्या. त्यांना खलनायिका ठरवणं सोपं आहे, पण प्रत्येक केमोला त्याच रजा टाकून येत होत्या आणि सगळे रिपोर्ट तारीखवार लावलेली फाइलही त्यांचीच. आत बोलावलं तर म्हणाल्या, "मॅडम, बायोप्सीत हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू निघालाय. त्याचे कण पेशीत घुसतात असं मी स्वतः ऐकलंय. घरात सात वर्षांचं पोर आहे. मी काय करायचं?"

ऐकलेलं खोटं नव्हतं, अर्धं होतं. अशा वेळी "काही नाही हो, घाबरू नका" म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. माणूस घरी जाऊन पुन्हा तोच व्हिडिओ बघतो.

म्हणून नीट बसून सांगितलं. या जिवाणूला बाहेरून एक पातळ आवरण असतं. त्या आवरणाचे फुगवटे येऊन सुटतात, तेच हे कण. साधारण 20 ते 300 नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी लहान. त्यांत जिवाणूची प्रथिनं आणि विषारी द्रव्यं असतात, ती जठराच्या पेशींत शिरू शकतात आणि तिथला दाह वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1994 मध्येच या जिवाणूला कॅन्सरकारक ठरवलं आहे. पण हे कण जिवंत नसतात, त्यांची पिलावळ वाढत नाही. जिवाणू जठरात ठाण मांडून बसला तरच ते तयार होत राहतात, आणि भिंतीत ओल मुरावी तसा हा दाह वर्षानुवर्षं मुरतो. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात हा जिवाणू असतो असं मानतात. त्यांतल्या शंभरातल्या एक ते तिघांनाच पुढे जठराचा कॅन्सर होतो. मिठाचं जास्त खाणं, तंबाखू, आनुवंशिकता यांचाही त्यात हात असतो.

हा जिवाणू जठराला त्रास देतो हे दाखवायला बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1984 मध्ये तो मुद्दाम पिऊन पाहिला. त्यांच्या जठराला सूज आली, ती बरी झाली आणि 2005 मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. हे ऐकल्यावर सूनबाई पहिल्यांदा जरा सैल बसल्या. दुसऱ्या एका जिवाणूचे असेच कण मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेच्या) एका लशीत वापरले जातात, आणि जिवाणूंच्या कणांनी उंदरांमधल्या गाठी आटल्याचे प्रयोगही झाले आहेत, हे मात्र कुठल्याच व्हिडिओत त्यांना भेटलं नव्हतं.

मग दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कॅन्सर एकाच्या ताटातून दुसऱ्याला लागत नाही, जवळ घेतल्याने नाही की उष्टं खाल्ल्याने नाही. जिवाणू मात्र घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, बहुतेकदा लहानपणीच. त्याला उपाय तपासणीचा आहे, ठिपक्याचा नाही.

हे ऐकताना मावशी एकदम म्हणाल्या, "म्हणजे मीच दिला असेल पोराला. दात येत नव्हते तेव्हा भाकरी चावून भरवायचे मी." त्यांना खरं काय खात होतं ते तेव्हा कळलं. वेगळ्या ताटाचा अपमान होताच, पण त्याहून मोठी टोचणी ही होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

मी "छे छे" म्हटलं नाही. चावून भरवल्याने जिवाणू जाऊ शकतो. गेलाच असेल असं नाही, आणि गेला असला तरी तो औषधाने जातो. तुमच्याकडेही तो असाच लहानपणी कुठून तरी आला असणार, एवढं म्हटलं. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माझी आईपण असंच भरवायची." सूनबाईंनी हे सगळं ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पाण्याची बाटली उघडून सासूच्या हातात दिली.

पोटाच्या डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरलं. सख्ख्या नात्यात जठराचा कॅन्सर असेल तर तपासणी करून घेणं शहाणपणाचं, म्हणून मावशींच्या दोन्ही मुलांची या जिवाणूसाठीची श्वासाची चाचणी झाली. थोरल्याची पॉझिटिव्ह आली. त्याला दोन अँटिबायोटिक आणि पित्ताची गोळी असा 14 दिवसांचा कोर्स दिला. नातवाला काही त्रास नाही, त्यामुळे त्याची तपासणी आत्ता नको असं बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं. भांडी नेहमीच्या साबणाने एकत्रच घासायची. काळजी घ्यायचीच तर केमोनंतर पहिले दोन दिवस मावशींची उलटी, लघवी साफ करताना हातमोजे घालायचे, कारण औषधाचा अंश त्यातून बाहेर पडतो. आणि घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर त्याने मावशींपासून लांब राहायचं. केमोत त्यांच्या पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे लागण होण्याची भीती त्यांनाच जास्त.

तीन आठवड्यांत वजन उतरायचं थांबलं. आता नातू आजीसोबतच जेवायला बसतो. थोरल्याची फेरतपासणी पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवायची, हे सूनबाईंनी फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय.