कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे पुराणमतवादी का?

प्रश्न असा आहे: ‘अमेरिकेच्या बातम्यांत कॉन्झर्व्हेटिव्ह या शब्दासाठी मराठी वर्तमानपत्रं कधी पुराणमतवादी लिहितात, कधी सनातनी, कधी परंपरावादी, तर कधी नुसतंच उजवे. हे सगळे एकच का? न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवतो. देवळाची पायरी चढत नाही, आंतरजातीय लग्न केलंय, पण कराचा विषय निघाला की भडकतो. त्याला पुराणमतवादी कसं म्हणायचं?’

नका म्हणू. रागावेल, आणि त्याचा राग रास्त असेल.

मराठीत पुराणमतवादी हा शब्द दुसऱ्याला लावायचा असतो. सभेत उभं राहून ‘मी पुराणमतवादी आहे, मला मत द्या’ असं म्हणणारा उमेदवार अजून जन्माला यायचाय. अमेरिकेत मात्र रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकांत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) चढाओढ लागते ती ‘खरा कॉन्झर्व्हेटिव्ह कोण’ यावरूनच. आणि ‘लिबरल’ हे लेबल प्रतिपक्षाला चिकटवलं जातं. १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन थोरल्या बुश यांनी डेमोक्रॅट मायकेल डुकाकिस यांना लिबरल म्हणून इतकं झोडपलं की तिकडे त्या शब्दाला नुसतंच ‘एल वर्ड’ म्हणायची पद्धत पडली. जणू चारचौघांत उच्चारू नये असं काहीतरी! आपल्याकडे उदारमतवादी म्हटलं की न्यायमूर्ती रानडे, गोखले डोळ्यांपुढे येतात. म्हणजे मराठीत जो शब्द मानाचा तो तिकडे टोमण्याचा, आणि इथला टोमणा तिथं बिल्ला. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह = पुराणमतवादी’ हे समीकरण मला खटकतं ते यामुळे. अर्थाची जुळणी कशीबशी होते, सूर मात्र पार उलटा लागतो.

हा बिल्ला तिथंही फार जुना नाही. १९५० साली समीक्षक लायनेल ट्रिलिंग यांनी लिहिलं होतं की अमेरिकेत उदारमतवाद ही नुसती प्रबळच नव्हे, तर एकमेव वैचारिक परंपरा उरली आहे. तेव्हा ते कोणाला फारसं अतिशयोक्त वाटलं नसावं. रूझवेल्ट यांचं ‘न्यू डील’ (१९३० च्या मंदीतला सरकारी मदतीचा आणि नियमनाचा कार्यक्रम) अंगवळणी पडलं होतं, आणि पुढे आयझेनहॉवर हे रिपब्लिकन अध्यक्ष आले तरी त्यांनी ते मोडलं नाही. १९५५ मध्ये विल्यम बकली या तिशीच्या तरुणानं ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढलं. इतिहासाच्या आडवं उभं राहून ‘थांब!’ असं ओरडणं, हे त्यानं पहिल्याच अंकात आपलं काम म्हणून सांगितलं. मागे चला असं तो म्हणत नव्हता, हे ‘पुराण’ शब्द वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. (अर्थात त्याच नियतकालिकानं १९५७ मध्ये दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या वर्चस्वाची उघड पाठराखणही केली होती. तेव्हा पुराणमतवादी ही शिवी अगदीच अस्थानी होती असंही नाही.)

या नियतकालिकाभोवती तीन तऱ्हेची माणसं जमली, आणि आपल्या भाषांतराची गोची इथंच सुरू होते. एक, सरकारनं बाजारात लुडबुड करू नये म्हणणारे. दोन, धर्म, कुटुंब, रीतिरिवाज जपा म्हणणारे. तीन, कट्टर कम्युनिस्टविरोधी. पहिल्यांचं आणि दुसऱ्यांचं खरं तर पटायला नको, कारण खुल्या बाजाराइतकं रीतिरिवाजांना खिळखिळं करणारं दुसरं काही नाही. पण कम्युनिझम हा शत्रू समान होता, म्हणून मोट बांधली गेली. मराठीतला प्रत्येक प्रतिशब्द या तिघांपैकी फार तर एकाला बसतो.

१९६४ मध्ये रिपब्लिकन सिनेटर बॅरी गोल्डवॉटर या मोटेचे उमेदवार म्हणून अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि सपाटून आपटले. डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना ४८६ प्रातिनिधिक मतं (राज्यवार मिळणारी ‘इलेक्टोरल व्होट्स’), गोल्डवॉटर यांना ५२. पण ती ५२ कुठली ते पाहा. स्वतःचं ॲरिझोना सोडलं तर बाकीची पाचही राज्यं खोल दक्षिणेतली, आणि त्यांपैकी बहुतेकांत तोवर रिपब्लिकन उमेदवाराला कोणी विचारत नसे. गोल्डवॉटर यांनी त्याच वर्षी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं होतं. वंशभेदाचं समर्थन म्हणून नव्हे, तर केंद्राला हा अधिकार नाही म्हणून, असं त्यांचं म्हणणं. दक्षिणेतल्या गोऱ्या मतदारानं त्यातून काय ऐकायचं ते ऐकलं.

इथं आणखी एक शब्द अडतो, ‘स्टेट्स राइट्स’. आपण सरळ ‘राज्यांचे हक्क’ लिहून मोकळे होतो. मराठी वाचकाला त्यात जीएसटीचा वाटा, राज्यपालांची ढवळाढवळ असलं काहीतरी दिसतं. एकूण सात्त्विक मागणी. मिसिसिपीत त्याचा अर्थ अनेक दशकं ‘आमच्या शाळांत, आमच्या मतदारयाद्यांत काळ्यांना घ्यायचं की नाही ते आम्ही ठरवू’ असा होता. ३ ऑगस्ट १९८० रोजी रोनाल्ड रेगन यांनी मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत ‘माझा स्टेट्स राइट्सवर विश्वास आहे’ असं सांगितलं. याच काउंटीत १९६४ च्या उन्हाळ्यात नागरी हक्क चळवळीतल्या तीन तरुणांचा खून झाला होता. रेगन यांच्या मनात काय होतं यावर तिकडे आजही वाद झडतात. पण बातमीत हे वाक्य आलं, तर ‘राज्यांचे हक्क’ या दोन शब्दांपुढे एक खुलासा हवाच.

आता सनातनी. हा शब्द आपल्याकडे सुधारकांच्या विरुद्ध बाजूला घडला: संमतिवयाचा कायदा, विधवाविवाह, सोवळंओवळं. (अलीकडे काही जण तो अभिमानानं मिरवतात, ती गोष्ट वेगळी.) अमेरिकेतल्या धार्मिक उजव्यांना तो जवळचा वाटतो खरा, पण व्हर्जिनियातल्या बॅप्टिस्ट पाद्रीला सनातनी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे उगाच शेंडी येते. त्यांच्यासाठी मी ‘धार्मिक परंपरावादी’ वापरतो. तेही सावधपणे, कारण राजकारणात उतरणं ही त्यांची परंपरा नव्हतीच. लिंचबर्गचे पाद्री जेरी फॉलवेल १९६५ मध्ये प्रवचनात बजावत होते की धर्मोपदेशकानं आत्मे तारावेत, मोर्चे काढू नयेत. रोख अर्थातच मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर होता. त्याच फॉलवेल यांनी १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना उभी केली आणि ती रेगन यांच्या मागे लावली. मधल्या काळात काय झालं? सरकारी शाळांनी घ्यायच्या प्रार्थना कोर्टानं बंद केल्या होत्याच, १९७३ चा गर्भपाताचा हक्क मान्य करणारा निकाल आला, आणि वंशभेद पाळणाऱ्या खाजगी ख्रिस्ती शाळांची करसवलत काढायला सरकार निघालं. यातलं कुठलं कारण मोठं यावर इतिहासकारांचे दोन तट आहेत.

तुमच्या मावसभावाचं घराणं मात्र या पाद्रीचं नाही. त्याचे पूर्वज १९७८ च्या कॅलिफोर्नियात सापडतील. महागाईनं घरांच्या किमती भडकल्या, त्या हिशेबानं घरपट्टी वाढली. निवृत्त माणूस राहतो त्याच घरात, उत्पन्न तेवढंच, आणि बिल दरवर्षी मोठं. त्या जूनमध्ये मतदारांनी जवळपास दोन तृतीयांश बहुमतानं ‘प्रपोझिशन १३’ हा प्रस्ताव मंजूर केला: घरपट्टी घराच्या आकारणीच्या १ टक्क्यापर्यंत, आणि घर विकलं जाईपर्यंत आकारणीत वर्षाला फार तर २ टक्के वाढ. ते लोण देशभर पसरलं. यात पुराण कुठं आणि सनातन कुठं? असल्या माणसाला मी ‘करकपातवाला’ किंवा ‘मर्यादित सरकारवादी’ म्हणेन. पहिला शब्द बोलण्यात, दुसरा अग्रलेखात.

आणि गंमत पाहा, त्याला आपण मराठीत चक्क उदारवालाही म्हणू शकतो! १९९१ नंतर परवाने उठले, आयातीवरचे निर्बंध सैल झाले, त्याला आपण उदारीकरण म्हणतो ना? अमेरिकेत नेमकी असलीच मागणी कॉन्झर्व्हेटिव्ह करत आले. मूळ युरोपातला उदारमतवाद हाच होता. १९३० च्या दशकात रूझवेल्ट यांनी ‘लिबरल’ हा शब्द सरकारी मदतीच्या, नियमनाच्या बाजूला ओढून नेला, आणि खरे लिबरल आम्हीच असं म्हणत त्यांच्या आधीचे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर हात चोळत बसले. म्हणून अमेरिकन लिबरलला मी उदारमतवादी लिहीत नाही. ‘पुरोगामी’ जास्त जवळ जातो.

ब्रिटनसाठी आपल्या जुन्या पत्रकारांनी मजूरपक्षाच्या यमकाला ‘हुजूरपक्ष’ असा झकास शब्द काढला होता. तो अमेरिकेत चालणार नाही. तिथं हुजूरच नव्हते. अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह जपायला बघतो ते राजाला हाकलणाऱ्यांनी लिहिलेलं संविधान. त्यांच्या न्यायमूर्तींचं तर सगळं भांडणच त्या मजकुराच्या लिहितेवेळच्या अर्थावर चालतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊपैकी पाच न्यायमूर्तींनी १९७३ चा गर्भपाताचा निकाल रद्द केला, तेव्हा मराठीत ‘सनातनी न्यायमूर्ती’ असं सर्रास छापून आलं. त्यांच्या पंथाला ‘मूळार्थवादी’ म्हणता येईल. निकाल आवडो न आवडो, शब्द चोख बसतो.

‘उजवे’ हा त्यातल्या त्यात सुरक्षित शब्द, कारण तो पूर्ण मोटेला पुरतो. अडचण एवढीच की मराठीत उजवा म्हणजे सरसही. ‘वादचर्चेत उजवे ठरले’ या मथळ्याचा अर्थ लावत बसावं लागतं.

ट्रम्प यांच्यापाशी मात्र खुद्द इंग्रजी शब्दाचीच पंचाईत झाली आहे. जानेवारी २०१६ मध्ये बकली यांच्या त्याच ‘नॅशनल रिव्ह्यू’नं त्यांच्याविरुद्ध अख्खा अंक काढला, तक्रार ही की हा गृहस्थ कॉन्झर्व्हेटिव्हच नाही. त्याच वर्षी ते निवडूनही आले. त्यांचे समर्थक आज आयातशुल्काला टाळ्या वाजवतात, रेगन यांच्या पिढीतले खुल्या व्यापारवाले कपाळावर हात मारतात, आणि दोघंही स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवतात. ट्रम्प यांच्यापुरतं मी ‘उजवे राष्ट्रवादी’ लिहितो. रेगन, गोल्डवॉटर यांच्या चळवळीला देवनागरीत ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’च ठेवतो. आणि नुसतं ‘रिपब्लिकन’ लिहून भागत असेल, तिथं तेवढंच लिहितो.