टाच का सुटते?

प्रश्न : पक्षाघाताच्या रुग्णांसाठी घोट्याच्या व्यायामाचं मोटरवर चालणारं यंत्र बनवतोय. पाऊल वर ओढलं की टाच पाऊलपट्टीवरून (पाऊल ठेवायच्या फळीवरून) सुटते. पट्टे आवळले तर वळ उठतात. काय चुकतंय?

उत्तर : पट्टे आवळू नका, बहुधा आस, म्हणजे ज्या रेषेभोवती सांधा फिरतो ती, चुकलाय. घोट्याचा आस दोन्ही बाजूंच्या हाडांच्या उंचवट्यांच्या टोकांजवळून जातो, तळव्याच्या बराच वर. यंत्राची बिजागरी पाऊलपट्टीच्या पातळीवर असेल, तर टाच सरकणारच. बिजागरी वर घ्या आणि पट्टीची उंची प्रत्येक पायाला जुळवता येईल अशी ठेवा. बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा खाली आणि मागे असतो, त्यामुळे आस किंचित तिरका. थोडी हालचाल मोकळी सोडा.

वेग सेकंदाला ५ अंशांपासून सुरू करा. आखडलेली पोटरी झटक्यानं ताणली की जास्तच आखडते. आणि कोनमर्यादा फक्त प्रोग्रामवर सोडू नका. धातूचे अटकाव हवेतच, शिवाय रुग्णाच्या हाताशी बंद करायचं बटण.