एनएचएसमधला पहिला हिवाळा आणि फ्लूची लस

अगं, तू इथे एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, नुकतीच रुजू झालीस, म्हणून आधीच सांगते. ऑक्टोबर लागला की वॉर्डात फ्लूची लस सुरू होते. पहिल्याच आठवड्यात घेऊन टाक. लस टोचल्यावर अंगात पुरेसं संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि डिसेंबर-जानेवारीत वॉर्ड भरून वाहतात तेव्हा तेवढा वेळ कुणाकडेच नसतो.

आपल्याकडे फ्लू म्हणजे पावसाळ्याचा आजार, त्यामुळे थंडीच्या आधी लस हे सुरुवातीला मलाही नवीन होतं. गेल्या वर्षी तिकडे घेतली असली तरी इथे पुन्हा घे. विषाणू बदलतो, लसीतले प्रकारही दरवर्षी नव्याने ठरतात.

'लसीनेच फ्लू होतो' असं कुणी म्हणेल. इंजेक्शनमधल्या लसीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखतो, एखादा दिवस अंग कसकसतं, बस. मी सुट्टीच्या आदल्या दिवशी घेते. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर टोचणाऱ्याला आधी सांग, अंड्याशिवाय बनवलेली लसही असते. पैसे पडत नाहीत.

आणि तरुण आहोत, आपल्याला काय होतंय, असं मनात आणू नकोस. फारशी लक्षणं नसतानाही आपण फ्लू पसरवू शकतो. केमोथेरपी चाललेल्या किंवा ऐंशीच्या पुढच्या पेशंटला आपण रोज हात लावतो गं, मला तीच काळजी जास्त वाटते.

हेपटायटिस बी, गोवर, कांजिण्या यांच्या तुझ्या लसींच्या नोंदी ऑक्युपेशनल हेल्थकडे (कर्मचाऱ्यांचं आरोग्य बघणाऱ्या विभागाकडे) पोचल्यात का, तेही याच आठवड्यात विचार.