सुटा भाग मिळत नाही म्हणून यंत्र टाकून द्यायचे का?

प्रश्न : आमचे समोरून उघडणारे वॉशिंग मशीन सहा वर्षांचे आहे. धुणे झाल्यावर पाणी बाहेर पडत नाही. मेकॅनिक म्हणाले, सुटा भाग येत नाही, नवेच घ्या. दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : स्वतंत्र कायदा भारतात अजून झालेला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि पुढे पोर्टलही सुरू केले. परंतु त्यावर दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती देणे कंपन्यांच्या मर्जीवर सोडले आहे, आणि खरी उणीव तीच आहे. तरी आपण अगदीच निराधार नाही. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने (बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणारी केंद्राची संस्था) २०१४ मध्येच दंड ठोठावला होता. आपली तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवावी आणि ‘भाग मिळत नाही’ हे मेकॅनिककडून लेखी घ्यावे.

त्याआधी मात्र एक गोष्ट स्वतः पाहावी. प्लग काढून, खाली परात ठेवून, मशीनच्या तळाशी पुढच्या बाजूला असलेले झाकण सावकाश फिरवावे. आत जाळी असते आणि तिच्यात नाणी, गुंडी, हेअरपिन, धाग्यांचा लगदा अडकलेला पुष्कळदा सापडतो. जाळी स्वच्छ असेल, तर पाणी बाहेर टाकणारा पंप तपासून घ्यावा. तो स्थानिक कारागीरही बदलू शकतात. मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र घरी कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.