चांगलं-वाईट समाजच ठरवतो, मग देव कशाला हवा?

तुमचा प्रश्न असा : नीती प्रत्येक समाज आपापल्या काळानुसार ठरवतो, जग कसं घडलं ते विज्ञान सांगतं, मग शिकलेली ख्रिस्ती माणसं अजून देवाला का धरून बसतात?

विज्ञानाचं आधी उरकते, कारण तिथे मला अडचणच वाटत नाही. विश्व प्रसरण पावतंय आणि त्याला सुरुवात होती, अशी मांडणी करणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते.

नीतीचा प्रश्न मात्र जड आहे. मी नाशिकची, शरणपूर रोडला वाढलेली. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं नाशिकच्या मिशनमध्ये राहिली, शिकली. जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये, आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याला दफन केलं, तेव्हा शवपेटीबरोबर तो होता. पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा गुलामबाजार १८७३ पर्यंत उघड भरत असे. तिथल्या रिवाजाला, कायद्याला तो मान्य होता. नीती समाजच ठरवत असेल, तर असं लेकरू विकणाऱ्याचं चुकलं, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?

लांब कशाला, पंचवटीत चला. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. गावातल्या वजनदार मंडळींना दारं बंद ठेवणंच योग्य वाटत होतं. बाबासाहेब किंवा दादासाहेब गायकवाड ख्रिस्ती नव्हते, त्यांना मी माझ्या बाजूला ओढत नाही. पण त्यांचं म्हणणं ‘तुमची रीत वेगळी, आमची वेगळी’ एवढंच नव्हतं. हा अन्याय आहे, असं ते सांगत होते. अन्याय म्हणायचा तर समाजाच्याही वरचं एखादं माप लागतं. ज्याचं त्याचं माप असेल, तर खोटं माप असं काही उरतच नाही.

मला ते माप बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मिळतं : माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला. त्याची किंमत समाजाने दिलेली नाही, म्हणून समाजाला ती काढून घेता येत नाही. आणि रोमी राज्यात क्रूस म्हणजे गुलामांची, बंडखोरांची शिक्षा. माझा प्रभू त्या जागी टांगला गेला. हे वाचताना अजून माझा आवाज जड होतो.

देव न मानणारे सज्जन असतातच. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो, देवाचं नियमशास्त्र न मिळालेल्यांच्याही हृदयावर ते लिहिलेलं आहे. आणि बायबलमधली वचनं दाखवून गुलाम बाळगणारे ख्रिस्तीही होते. ते मी झाकणार नाही. पण त्यांचं पाप दाखवताना मी हात घालते तो उत्पत्तीच्या त्याच अध्यायाला.

जात आमच्यातही शिल्लक आहे. माझ्या लग्नाच्या बोलणीत पाहुण्यांनी विचारलं, “मूळचे कोण तुम्ही?” पप्पांनी टेबलावरचं पवित्र शास्त्र उघडलं, पहिलं पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “मूळ इथे लिहिलंय.” पाहुणे चहा न घेताच उठले. पप्पांनी त्यांना अडवलं नाही.